निळ्या गाडीचं डावं दार

शेठचा फोन आला तेव्हाच मला संशय यायला हवा होता. एरवी "मीटरताई, जमलं तर येऊन जा" म्हणणारा हा माणूस त्या दिवशी म्हणाला, "ताई, तुम्हाला घ्यायला गाडी पाठवू का?" जुन्या गाड्या विकणारा माणूस उगाच कुणासाठी पेट्रोल जाळत नाही. मी माझी माझी गेले.

शोरूमच्या मधोमध निळी स्पोर्ट्स कार उभी होती. सोळा वर्षांची, दोन दारांची, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे आधी पाठीची परवानगी काढावी लागेल. घ्यायला आलेला दातांचा डॉक्टर तिच्याभोवती घिरट्या घालत होता. पुढच्या काचेवर शेठने पाटी लावली होती, 'मूळ कंपनीचा रंग'. या तीन शब्दांपायी डॉक्टर किमतीचा पाचवा हिस्सा जास्त मोजणार होता. ते शब्द खरे आहेत असं लिहून खाली सही करायची, हे माझं काम.

"पण रंग तो रंगच ना?" डॉक्टरने विचारलं. "उद्या मी सगळी गाडी नव्याने रंगवली, तर उलट चकाचक दिसेल."

"दिसेल की," मी म्हणाले. "असल्या गाडीला धड रंग द्यायचा तर एका लहान नव्या गाडीएवढा खर्च येतो. आणि एवढं करून विकायला गेलात, की भाव चढत नाही, उतरतो. घेणारा पहिलं विचारतो, का रंगवली? काय झाकायचं होतं? तुम्ही दाताला कितीही सुरेख कॅप बसवा, तो दात मूळचा म्हणून सांगता येतो का?"

डॉक्टर हसला. शेठ हसला नाही.

मी मीटर काढला. साबणाच्या वडीएवढं यंत्र आहे, पत्र्यावर टेकवलं की रंगाचा थर किती जाड ते मायक्रॉनमध्ये सांगतं. कंपनीचा रंग असला की आकडा शंभराच्या आसपास नाचतो. अठ्ठ्याण्णव, एकशे एकवीस, एकशे पाच, असा. मागाहून रंगवलेलं असलं की थेट अडीचशे-तीनशे, आणि खाली पुट्टी भरली असली तर विचारूच नका.

बॉनेट ठीक. टप ठीक. उजवं दार ठीक, आकडे मजेत नाचत होते. मग मी डाव्या दाराला मीटर टेकवला.

एकशे बारा. वीतभर सरकवला. एकशे बारा. खाली, कडेला, मुठीजवळ. एकशे बारा, एकशे बारा, एकशे बारा.

"वा!" डॉक्टर माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाला. शेठचा जीव भांड्यात पडला. मी मात्र मीटर दारावरून उचललाच नाही.

कारण कंपनीचा रंग इतका सारखा नसतोच. इतका सारखा रंग देणारा एकच हात मला माहीत होता आणि तो माझ्या बाबांचा होता.

बाबांनी तीस वर्षं गाड्या रंगवल्या. जुन्यावर नवा रंग चढवणं त्यांना घाणेरडं वाटायचं. पत्रा पार उघडा करायचे, मग पातळ थरावर पातळ थर, श्वास रोखून. ते श्वास रोखणं पुरलं नाही. आता नाकात नळी घालून घरी बसतात, आणि नर्स येवो, गॅसवाला येवो, प्रत्येकाला एकच ऐकवतात: "तीस वर्षांत माझं एक दार मीटरला सापडलं नाही." मी हे मीटरचं काम धरलं तेव्हा महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते. आता त्यांच्याकडे ना रंग फवारायची गन उरली ना दम, उरलं ते हे एवढं वाक्य. ते मी काढून घ्यायचं?

मी पुन्हा मोजलं. अठरा ठिकाणी.

"ताई, दार झिजेल," शेठ म्हणाला. त्याने फॉर्म पुढे सरकवला, पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं. "तुमच्याआधी तिघांनी तपासलंय. तिघांनी सह्या केल्यात."

खरंच होतं ते. तिघांच्या मीटरने एकशे बारा दाखवलं, तिघं खूश होऊन घरी गेले. मीही गेले असते तर जगात कुणी मला बोट लावू शकलं नसतं. मला राग आला. बाबांचा आला, शेठचा आला आणि त्या आकड्याचा तर फारच आला.

"मला दाराचं रबर उचलून बघायचंय," मी म्हणाले.

शेठ मला बाजूला घेऊन गेला. आवाज गोड होता, डोळे नव्हते. "महिन्याला वीस गाड्या देतो मी तुम्हाला. मीटर काय म्हणतोय ते लिहा आणि मोकळ्या व्हा. नसते उद्योग कशाला?"

"रबर उचलणं म्हणजे उद्योग असेल, तर त्याचेच पैसे घेते मी."

"उचलू द्या की," डॉक्टर तिकडून म्हणाला. "मूळचंच आहे तर घाबरायचं कशाला?"

मी दार उघडून गुडघ्यांवर बसले. दाराच्या चौकटीला कडेने रबराची पट्टी असते. खालच्या कोपऱ्यात ती नखाने सोडवली आणि हलकेच उचलली.

बाबांची एक खोड होती. काम मनासारखं झालं, की रबराखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या रंगाचा ठिपका ठेवायचे, मसुराएवढा. शाळा सुटली की मी वर्कशॉपमध्येच असायचे. कधीकधी ते माझ्या हातात काडी द्यायचे. "घे, तुझाही ठेव. पण सरळ ठेव, कार्टे."

रबराखाली दोन ठिपके होते. एक कंपासने काढल्यासारखा गोल. दुसरा शेजारी, शेपूट फुटलेला, वाकडा.

माझ्या मागे दोघं उभे होते आणि त्यांना माझी पाठ तेवढी दिसत होती. रबर परत दाबलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. सोळा वर्षं ही लबाडी पहिल्या मालकाची होती, मग पुढच्याची, मग शेठची. आता सही केली की ती माझी होणार होती. चौदा वर्षांच्या पोरीला कळत नव्हतं. मला कळत होतं.

"डॉक्टर, इकडे या," मी म्हणाले. "हे दार रंगवलेलं आहे. पूर्ण."

"मीटर तर..."

"मीटर चुकत नाहीये. रंगवणारा चुकला नाही. हा त्याचा ठिपका."

"आणि हा दुसरा?"

"माझा."

शेठच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. पाचवा हिस्सा गेला, डॉक्टरने आणखी थोडा घासाघीस करून कापला आणि तरी गाडी घेतलीच. मला शेठने हात जोडले. "ताई, उद्यापासून तसदी घेऊ नका." फॉर्मवर मी लिहिलं, 'डावं दार पुन्हा रंगवलेलं', आणि सही करताना माझा हात लहानपणीसारखाच वाकडा गेला.

घरी पोचले तर बाबा खिडकीशी बसले होते. बॅग ठेवली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. निळी गाडी, डावं दार. वाटेत जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली.

ते तोंड फिरवून बाहेर बघत राहिले. नळीतून हवा जायचा तेवढा आवाज. आता हे पुन्हा महिनाभर बोलणार नाहीत, असं मी धरून चालले. आणि खरं सांगते, मला रडू यायला लागलं होतं.

"मीटरने पकडलं?" बाहेर बघत बघतच त्यांनी विचारलं.

"नाही. मी."

"मीटर किती म्हणाला?"

"एकशे बारा."

"कुठे?"

"सगळीकडे. अठरा ठिकाणी बघितलं. एक आकडासुद्धा हलला नाही."

"मग तुला कळलं कशावरून?"

"त्याच्यावरूनच, बाबा. कंपनीला एवढं जमत नाही."

ते माझ्याकडे वळले. हसू आलं त्यांना आणि हसता हसता खोकला आला. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. दम परत यायला वेळ लागला. तोवर माझा हात त्यांनी धरून ठेवला होता.

"तुझा ठिपका वाकडाच असेल," ते म्हणाले.

"वाकडाच आहे, बाबा."