रक्षाचा न पाहिलेला टॉवर

तळेगावच्या चौकात बसमधून उतरल्या उतरल्या रक्षाला स्वतःचंच तोंड दिसलं, आणि तेही म्हशीएवढं. पुतणी परदेशातून शिकून येतेय म्हणून ताराचंदकाकांनी फ्लेक्स लावला होता. 'युरोप गाजवून आलेल्या कु. रक्षा हिचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांत गॉगल लावलेले काका, आणि रक्षाच्या मागे आयफेल टॉवर.

आता गंमत अशी, की रक्षाने हा टॉवर पाहिलाच नव्हता. कृषी महाविद्यालयातून तिची निवड झाली ती लिथुआनियातल्या एका लहानशा गावातल्या कॉलेजसाठी. तिथे सहा महिने तिने गोठे पाहिले, माती तपासली आणि थंडीने नाक लाल करून घेतलं. पण फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये युरोपचं म्हणून एकच चित्र होतं, त्याला तो तरी काय करणार?

घरी पोचताच चुलत बहीण गुंजनने तिला कोपऱ्यात ओढलं. गुंजनचीही त्याच कॉलेजसाठी निवड झाली होती, पण तिचे वडील, म्हणजे ताराचंदकाका, काही केल्या हो म्हणत नव्हते. 'पोट्टी परमुलखात रस्ता चुकली तं तिले पाहाले कोण हाय?' हे त्यांचं एकच पालुपद.

"उद्या सत्कारात कोणी विचारलं तं टॉवर पाह्यला म्हणजो अन् खाली बसजो," गुंजन म्हणाली. "अन् तू तिकडं रस्ता चुकली होती ते तोंडातून काढू नको वं, तुह्या पाया पडते."

रक्षाला खोटं बोलायचा सराव नव्हता, पण बहिणीसाठी एक टॉवर पचवायला हरकत नव्हती.

सत्कार समाजमंदिरात झाला. शाल झाली, नारळ झाला, आणि तिथेच घात झाला. पहिल्या रांगेत दत्तोपंत गुरुजी बसले होते. निवृत्तीनंतर गुरुजींनी टूर कंपनीबरोबर आठ दिवसांत सहा देश पाहिले होते, आणि तेव्हापासून गावात युरोपबद्दल ब्र काढायचा तर तो गुरुजींना विचारूनच.

"काय रक्षा, टॉवरवर कितव्या मजल्यापर्यंत गेलीस?"

रक्षाने तोंड उघडलं. गुंजनने तिकडून डोळे मोठे केले. काका फ्लेक्समधल्यासारखेच ताठ बसले होते.

"पहिल्या... म्हणजे..." रक्षाने शालीचं टोक पिळलं. "गुरुजी, मी टॉवर नाई पाह्यला."

काकांचा चेहरा पडला. चौकातला अख्खा फ्लेक्स एका वाक्यात खोटा ठरला होता.

"सहा महिने राहून टॉवर नाही? आल्प्सचा बर्फ? व्हेनिसची होडी? मग तू तिकडे केलंस तरी काय?"

आता मात्र रक्षाचं डोकं फिरलं.

"रस्ता चुकली!" ती म्हणाली. गुंजनने कपाळाला हात लावला. "चुकीच्या बसमध्ये बसली अन् भलत्याच खेड्यात उतरली. मोबाईल बंद, बर्फ पडून राह्यला, रस्त्यावर कुत्रं नाई. मंग एका घराचं दार वाजवलं. बिरुते नावाची म्हातारी होती. तिची भाषा मले येत नाई, माही तिले येत नाई. पण मले पाह्यलं अन् अशी रागावली, अशी रागावली! डोक्यावर टोपी काऊन नाई म्हणून. सगळं समजलं मले. आपली अन्नपूर्णाकाकू गुंजनले रागावते ना, तस्सं!"

बायकांच्या बाजूला बसलेली गुंजनची आई पदर तोंडाला लावून हसली.

"मंग?" काकांनी विचारलं.

"मंग बटाट्याचे धिरडे खाऊ घातले, तिच्याच पलंगावर झोपवलं. सकाळी बसपर्यंत आली, स्वतःची टोपी मले घालून देल्ली अन् ड्रायव्हरलेही रागावली. त्याच्यापुढच्या साऱ्या सुट्ट्या मी तिच्याकडंच जायची. टॉवरले जाले टाईमच नाई भेटला."

गुरुजी बोलले, आणि फार हळू.

"आमची बस सकाळी हॉटेलातून निघायची, संध्याकाळी हॉटेलात यायची. जेवायला वरणभात. आमच्यावर तिकडे कोणी साधं रागावलंसुद्धा नाही गं."

सगळे हसले. रक्षाला मात्र गुरुजींसाठी वाईट वाटलं, आणि तिने आपल्या ताटलीतला पेढा त्यांना दिला.

घरी आल्यावर दारात चपला काढताना काका म्हणाले, "रक्षा, त्या बाईचा फोटो असन तं पाठवजो मले. अन् तिले सांग, आमची आणखी एक पोट्टी येऊन राह्यली म्हणा." गुंजन दारातच मटकन खाली बसली.

आठवड्याभरात चौकात नवा फ्लेक्स लागला. 'उच्च शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या कु. गुंजन हिला हार्दिक शुभेच्छा!' शुभेच्छुकांच्या रांगेत काका, आणि त्यांच्या शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली, कोणावर तरी रागावलेली बिरुतेआजी. तिच्या मागे आयफेल टॉवर.

"काकाजी, हे काय!" रक्षा ओरडली. "मी सांगतलं ना, तिथं टॉवर नाई!"

"राहू दे वं," काका फ्लेक्सकडे बघत म्हणाले. "त्या म्हातारीनं तरी कुठं पाह्यला असन? पाहू दे तिले."