कुसाबाई माझ्यावर बसलीच नाही

या, बसा! अहो दचकू नका, माझ्यावर नव्हे, तिकडे पलंगावर बसा. मी व्हीलचेअर बोलतेय. माझ्यावर बसायची हौस कुणालाच नसते, हे मला ठाऊक आहे. तीन घरं फिरलेय मी.

जन्माचं सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात नळ्या वाकवल्या, कापड ताणलं, चाकं बसवली, झाले मी. मला पहिल्यांदा घरी नेलं ते गंगापूर रोडच्या साधनाताईंनी. त्यांचे सासरे, तात्या, बाथरूममध्ये घसरले होते. तीन महिने मी त्यांना देवघरापासून गॅलरीपर्यंत फिरवलं. मग तात्या खडखडीत बरे झाले आणि माझी रवानगी बाल्कनीत झाली. पाठीवर ओला टॉवेल, मांडीवर कोथिंबिरीची कुंडी. पाहुणे आले की माझ्यावर चादर टाकायचे. घरात असली वस्तू दिसलेली बरी नाही म्हणे! अशी दोन वर्षं गेली.

एक दिवस साधनाताईंनी माझा फोटो काढून ‘देवघेव नाशिक’ या मोबाइलवरच्या गटात टाकला. तिथे लोक घरातल्या जुन्या वस्तू विकतात. माझ्याखाली लिहिलं, ‘विकणे आहे’. काय एकेक गिऱ्हाईक! एकानं विचारलं, “लास्ट किती?” दुसरा म्हणाला, “बदल्यात मिक्सर चालेल का?” एका बाईंनी विचारलं, दुसऱ्या रंगात आहे का. महिनाभर हेच. शेवटी कंटाळून साधनाताईंनी ‘विकणे’ खोडलं आणि ‘देणे आहे’ लिहिलं. चहा गाळून होईपर्यंत चाळीस जण हजर. फुकट म्हटल्यावर मी अचानक देखणी झाले होते.

या ‘देणे आहे’चा सगळा कारभार गटातल्या तेजस्विनीकडे. दिवसभर ऑफिस आणि रविवारी हा उद्योग. लष्कराच्या भाकऱ्या भाजते म्हणून नवरा तिला चिडवतो, पण सामान उचलायला तोच पुढे असतो. तिनं चाळीसही जणांना फोन केले. खरी गरज निघाली दोघांची. सायखेड्याच्या पूजाची आजी, कुसाबाई, मांडीचं हाड मोडून खाटेवर होती. आणि नाशिकच्याच राजची आई, मालनबाई, तिचे पाय संधिवातानं आखडत चालले होते. पूजाचा मेसेज आधीचा, म्हणून मी सायखेड्याला निघाले. तिथल्याच सुनीलची पिकअप रोज पहाटे भाजी घेऊन नाशिकला येते आणि रिकामी परत जाते. गटाचं सामान तो पैसे न घेता, हौसेनं पोहोचवतो.

गटाची अट एकच. महिन्यातून एकदा वस्तू वापरतानाचा फोटो टाकायचा. कारण मागे एका महाशयांनी फुकट नेलेलं शिलाई मशीन आठवड्यात दुसरीकडे विकायला काढलं होतं.

सायखेड्यात माझं स्वागत कसं झालं विचारा! कुसाबाईनं मला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

“ती खुर्ची न्या माघारी. मी बसायची नाय तिच्यात.”

“आजी, अगं डॉक्टर म्हणले ना, हळूहळू उठायला पाहिजे,” पूजा म्हणाली. “मग वॉकर तरी धर.”

कोपऱ्यात एक नवा कोरा वॉकर उभा होता. कुसाबाईच्या मुलानं, संतोषनं, विकत आणलेला. त्याच्यावर पूजाच्या ओढण्या वाळत होत्या. बिचाऱ्याला पाहून मला माझी बाल्कनी आठवली.

“रिकाम्या हातानं चालाया मला येत नाय गं,” कुसाबाई म्हणाली. “सारा जलम डोक्यावर पाटी, न्हायतर काखंत पोर. हे काय, हवेत हात धरून चालायचं!”

हाड जुळलं होतं, पण धीर मोडला होता. पंधरा दिवस मी तशीच उभी राहिले. घरात सगळ्यांना एकच भीती होती, की म्हातारी आता खाटेवरून उठायची नाही.

एके सकाळी कुसाबाईची खाट कोवळ्या उन्हाला अंगणात काढली होती. संतोषनं शेजारी उभ्या केलेल्या माझ्यावर झेंडूचे दोन क्रेट ठेवले आणि तो घाईघाईनं पुन्हा मळ्यात गेला. पूजा कॉलेजला गेलेली. ऊन चढायला लागलं. खाटेवरून कुसाबाई फुलांकडे बघत होती. एकदा हाक मारली, दोनदा मारली. कोणी येईना. फुलं माना टाकायला लागली आणि तिला ते बघवेना. ती खाटेच्या कडेवर सरकली, उठली आणि मागून माझे दांडे धरले. मी रिकामी असते तर तिच्या हातातून पुढे पळाले असते. पण क्रेटच्या वजनानं मी जड झाले होते, सावकाश सरकत होते. एक पाऊल. दुसरं. पडवीच्या सावलीत पोहोचलो तेव्हा तिला घाम फुटला होता. मला घाम येत नाही, नाहीतर मलाही आला असता!

तेव्हापासून रोज आमची फेरी सुरू झाली. मळ्यातून पडवीत, पडवीतून रस्त्यावर. माझ्यावर झेंडू आणि मागे कुसाबाई.

महिना भरला. फोटो टाकायचा होता. “माझा फोटू नगं, केस इंचरले नायत,” म्हणून कुसाबाई बाजूला वाकली. पूजानं नुसता माझाच काढला, क्रेटसकट, आणि दिला गटावर पाठवून.

गटात भडका उडाला. “व्हीलचेअर माल वाहायला दिली का?” “उगाच नाही म्हणत, फुकटाची किंमत नसते!” राजनं फक्त एवढंच लिहिलं, “माझी आई आता अजिबात उभी राहू शकत नाही.” ते वाचून तेजस्विनीला जेवण गेलं नाही.

मला परत न्यायला ती सुनीलबरोबर आली तो दिवस नेमका खंडेनवमीचा. अंगणात सकाळीच विळा, खुरपं, फवारणीचा पंप मांडलेला, आणि ओळीत शेवटी मी. मलाही हळदकुंकू, मलाही झेंडूचा हार! तात्यांच्या घरी पाहुण्यांपासून लपवत होते मला. त्या दिवशी मला रडता आलं असतं तर रडले असते.

“आजी, खुर्ची...” तेजस्विनी चढ्या आवाजात बोलायला लागली आणि थांबली. कारण कुसाबाई माझे दांडे धरून, फुलं भरलेल्या मला ढकलत, मळ्याकडून तिच्याकडेच चालत येत होती. तेजस्विनीचे डोळे भरले.

“राहू द्या खुर्ची, आजी. दुसऱ्या एकीला हवी होती, पण मी गटाला सांगते समजावून.”

“कुणाला पायजे होती?” कुसाबाईनं विचारलं.

तेजस्विनीनं मालनबाईचं सांगितलं.

“तिला बसाया पायजे का चालाया?”

“बसायला. ती आता चालायची नाही, आजी.”

“मंग आधीच का नाय सांगितलं? न्या.” क्रेट उतरवायला सुनील पुढे झाला तर ती त्याच्यावर खेकसली. “राहू दे! रिकामं भांडं माघारी देत्यात का कुठं?”

मला फुलांसकट पिकअपमध्ये चढवलं. कुसाबाईचे हात हवेत राहिले, रिकामे. पूजा धरायला धावली. “थांब,” म्हातारी म्हणाली. तिनं पदर खोचला, हात कुठे ठेवावेत कळेना म्हणून कमरेवर ठेवले, आणि चालली. रस्त्यापासून पडवीपर्यंत, एकटी. पिकअप सुटली तरी मी मागेच बघत होते.

आता मी मालनबाईकडे आहे. पहिल्या दिवशी तिनं मांडीवर झेंडू घेऊन दारासाठी स्वतःच्या हातानं तोरण ओवलं आणि राजनं तोच फोटो गटावर टाकला. माझं काम झालं की मला अडगळीत टाकू नका, एवढंच मागणं. लगेच पुढे पाठवा, आणि रिकामी पाठवू नका.

बरं, परवा गटावर पूजानं एक वस्तू टाकली. मी राजच्या खांद्यावरून वाचलं आणि चाकं थरथरली माझी.

‘देणे आहे: वॉकर. एकदम नवा. एकदाही वापरला नाही. आजी मळ्यात गेली आहे, तरी फोन संध्याकाळनंतर करावा.’