चौऱ्याऐंशीव्या पानाचा कोपरा

तिने फिल्म दाखवणाऱ्या यंत्राचा दांडा उलटा फिरवला, पोथीचं पान पुन्हा पडद्यावर आणलं आणि नाक काचेला टेकेल इतकी पुढे वाकली. चौऱ्याऐंशीवं पान. खालचा डावा कोपरा कोरा करकरीत.

"छे! असं कसं होईल?"

फिल्म मागे गेली, पुढे आली. पाचवं पान, बारावं, चाळिसावं. त्यांच्यावरचे बोटांचे डाग फिल्ममध्ये आज दिसतात तसेच होते. गंमत एकट्या चौऱ्याऐंशीव्याने केली होती. डबीवर फिल्म काढल्याची तारीख होती, एकतीस वर्षांपूर्वीची. म्हणजे जो कोपरा पाचशे वर्षं स्वच्छ राहिला, तो नंतरच्या एकतीस वर्षांत काळा झाला होता. आणि तिचा प्रबंध उद्या दाखल व्हायचा होता.

प्रबंध होता मळावर. मध्ययुगातल्या त्या सोनेरी चित्रांच्या प्रार्थनापोथ्या, त्यांच्या रंगांवर नि वर्खावर सगळेच लिहीत. हिने वाचणाऱ्यांच्या बोटांचा मळ धरला. जे पान जास्त उघडलं, त्याचा कोपरा जास्त काळा. मुठीएवढं यंत्र कोपऱ्यावर टेकवायचं, ते काळेपणाचा आकडा सांगतं, इतका सरळ हिशोब. "लोकांच्या बहिणी चंद्रावर निघाल्यात, आमची मळ मोजतेय," दादा येईल त्या पाहुण्याला सांगायचा. आईचं वेगळंच. "पाचशे वर्षांपूर्वीचा मळ दिसतो गं तुला, स्वतःच्या उशीचा अभ्रा तेवढा दिसत नाही!"

पण चौऱ्याऐंशीव्या पानाने सगळ्यांची तोंडं बंद केली होती. त्यावर आजारी मुलासाठी करायची प्रार्थना होती. शेजारी बोटभर चित्र: बिछान्याशी बसलेली बाई, मुलाच्या कपाळावर तिचा हात, मागे सोन्याची भिंत. या पानाचा आकडा बाकीच्यांच्या तिप्पट. पोथी वाचनकक्षातल्या पोथ्या टेकवायच्या उशीवर ठेवली की आपोआप इथेच उघडायची. त्यावरून तिने चौथा अध्याय लिहिला, ही पोथी ज्या घरात होती त्या घरातल्या एका आईचा, जिने वर्षानुवर्षं रोज हेच पान उघडलं असणार. लिहिताना दोनदा रडली होती. तिचे मार्गदर्शक सर एरवी कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष, तेही म्हणाले होते, "पहिले तीन अध्याय म्हणजे अभ्यास. हा चौथा म्हणजे प्रबंध." उद्या तो दाखल झाला, तर विभागातली शिकवायची जागा तिची होती. सरांनी शब्द टाकून ठेवला होता.

आता बसवेना. ती उठली, बसली, पेनाचं टोपण चावून चावून चपटं केलं. ही पोथी कुणी कुणी मागवली, ते तिला तोंडपाठ होतं. एकतीस वर्षांत दोन अभ्यासक, आठ-आठ दिवस. त्यानंतर अडीच वर्षं ती स्वतः, आणि तिने पहिल्याच आठवड्यात घेतलेला आकडासुद्धा तिप्पटच होता. मग राहिलं कोण? कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती, त्या.

ग्रंथालयातल्या वाचनकक्षाच्या मावशी दाराशीच बसलेल्या असत. आत पाऊल टाकलं की प्रश्न ठरलेला.

"हात धुतलेस ना?"

"धुतले, मावशी."

"अगं, मग तोंड का असं उतरलंय? जेवली नाहीस ना? किती वेळा सांगते, दुपारचं जाऊन चार घास खाऊन ये. पोथी काय पळून जातेय?"

अडीच वर्षं हेच टुमणं. आणि अडीच वर्षं ती एकदाही दुपारची उठली नव्हती. मावशी मग टेबलाभोवती दोन चकरा मारत आणि खिडकीत जाऊन मुलाला फोन लावत. मुलगा बस चालवायचा, चांगला दांडगा बाप्या, दोन पोरांचा बाप. "पोहोचलास का? सावकाश चालव हो." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तो पलीकडून खेकसलेला ऐकू यायचा.

मावशींनी पोथी आणली. उजव्या हातात फोन, म्हणून पोथी डाव्या हातावर तोललेली. ती उशीवर टेकली आणि चौऱ्याऐंशीवर उघडली. मावशी बघत होत्या खिडकीबाहेर. त्यांचा डावा अंगठा मात्र खालच्या कोपऱ्यावर जाऊन बसला, ओळखीच्या पायरीवर पाऊल पडावं तसा.

तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"मावशी, हे पान कशाचं आहे, ठाऊक आहे तुम्हाला?"

मावशींनी अंगठा झटकन उचलला. मग समोरची खुर्ची ओढून बसल्या. वाचकांच्या खुर्चीत बसलेलं त्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं.

"ती भाषा मला कुठे येते? आधीच्या ग्रंथपाल साहेबांनी सांगितलं होतं, आजारी लेकरासाठी आहे म्हणून. मी नुकतीच नोकरीला लागलेले, आणि पोर समोरच्या दवाखान्यात. सात वर्षांचं. डॉक्टरांनी हात टेकलेले."

"मग?"

"मग काय? दुपारी साहेब जेवायला जायचे. मला घास उतरायचा नाही. हात स्वच्छ धुवायचे आणि हे उघडून बसायचे. ही बाई बसलीय ना, तशीच."

"किती दिवस?"

"चार महिने. मग उठला की गं तो! घरी आला, शाळेत गेला."

"आणि नंतर?"

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"नंतर थांबायची छाती होईना. म्हटलं, आज उघडलं नाही आणि त्याला काही झालं तर? आज थांबू, उद्या थांबू. तू येईपर्यंत एक दुपार चुकवली नाही. तू आलीस ती उठायचंच नाव घेईनास. आता फोन करते, तर चिडतो." त्या एकदम घाबऱ्या झाल्या. "त्या तुझ्या यंत्रात आलं का काही? अगं, दोन महिने राहिलेत माझ्या नोकरीचे. साहेबांना कळलं तर..."

"काही नाही आलं, मावशी."

"तुझं काम अडलं नाही ना माझ्यापायी?"

"माझं काम कुठलं अडतंय!"

हे सांगताना तिने पोथीतून डोकं वर काढलं नाही. चौथ्या अध्यायातलं वाक्य न् वाक्य खरं होतं. आई खरी, भीती खरी, रोजचं उघडणं खरं. फक्त बाई पाचशे वर्षं उशिरा आली होती, आणि तिच्याबद्दल एक अक्षर लिहायची सोय नव्हती.

सरांच्या खोलीत ती उभीच राहिली.

"चौथा अध्याय काढायचाय, सर."

"डोकं ठिकाणावर आहे का? उद्या द्यायचाय!"

"जुन्या फिल्मवर तो कोपरा स्वच्छ आहे. मळ अलीकडचा आहे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मग कुणाचा?"

"ते नाही सांगता येणार."

सर तिच्याकडे रोखून बघत राहिले. नाही येणार की नाही सांगणार, हे त्यांनी विचारलं नाही. "सहा महिने लागतील नवीन अध्यायाला," ते शेवटी म्हणाले, "आणि ती जागा सहा महिने थांबायची नाही. घरी काय सांगशील?"

"मळ धुतला गेला म्हणून सांगेन. आई खूश होईल."

जिना उतरताना मात्र तिला हुंदका आवरेना. जागा हातची गेली होती, आणि का गेली हे जन्मात कुणाला सांगता येणार नव्हतं. नळावर तिने तोंड धुतलं आणि वाचनकक्षात परत आली. साहेब नुकतेच जेवायला बाहेर पडले होते. मावशी खिडकीत. "अरे, उचल ना रे," त्या हातातल्या फोनला सांगत होत्या.

तिने पिशवी खांद्याला लावली. उशीवरची पोथी उघडीच होती.

"मी जेवायला जाते, मावशी."

मावशी वळल्या. फोन कानालाच राहिला.

"आत्ता?"

"हो. तासभर तरी लागेल. पोथी राहू दे इथेच, आत ठेवायची घाई नको."

मावशींनी फोन खाली घेतला. त्या टेबलाशी आल्या. बसू की नको असं करत खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

दारातून ती मागे वळली.

"हात धुतलेत ना, मावशी?"