चार बोटं अलीकडे

बाळासोंनी गाडीला वळसा घातला आणि पुढच्या डाव्या दिव्यापाशी ते उकिडवे बसले. उजवा दिवा जुना, पिवळट पडलेला. हा मात्र नवा, लखलखीत. नंबर वाचायची गरजच नव्हती. कोर्टाच्या खेपांनी तो पाठ करून घेतला होता.

“ऋतुराज, ही त्याची गाडी.”

मुलाने कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही.

“व्हय.”

“दुसरी मिळाली न्हाई?”

“सगळीकडं हिंडलो, आबा. गाडी फोडायचा सीन हाय म्हटल्यावर कोण देतंय? विजयसिंह एका शब्दात हो म्हणला. पिक्चर कशावर हाय तेबी इचारलं. सांगितलं. हसला. म्हणला, कर की.”

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे गाढवाने आपणहून पाय पुढे केले होते.

तीन वर्षांपूर्वी याच गाडीने राजारामपुरीत क्लासवरून येणाऱ्या क्रांतीला उडवलं; ती जागीच गेली. लेकीला न्यायला आलेले बाळासो समोरच उभे होते. गाडी विजयसिंह चालवत होता हे पुष्कळांनी पाहिलं. साक्षीला आता एकटे बाळासो उरले होते. बाकीचे एकेक करून गळाले. वकिलांनी बजावलं होतं, डोकं थंड ठेवा. तुमचा हात एकदा उचलला गेला, की सूडापोटी खोटं बोलणारा बाप ठराल, आणि साक्ष मातीत.

ऋतुराजने तरी बहिणीसाठी काय करावं? त्याने मित्र गोळा केले आणि सूडाचा सिनेमा काढला. भाड्याचा कॅमेरा, वडापाववर राबणारी पोरं. कोर्टात होत नव्हतं ते पडद्यावर होणार होतं. लोक म्हणत, हौसेला मोल नाही. हौस कसली, पोराला झोप लागत नव्हती.

आजचा सीन असा, की भाऊ गुन्हेगाराच्या गाडीची काच फोडतो. भाऊ झालेला धैर्यशील तालमीतला गडी, पण हातातला फोमचा दांडका काचेला लागला की वाकायचा आणि बघे हसायचे. शेवटी खरा लोखंडी पाइप आणला.

“काचेच्या चार बोटं अलीकडं थांबव,” ऋतुराज सांगत होता. “फुटल्याचं मी नंतर कॉम्प्युटरवर टाकतो.”

परक्याची गाडी म्हणून धैर्यशील हातभर लांबूनच थांबायचा. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

“आण हिकडं,” बाळासो म्हणाले.

पाठमोरंच घ्यायचं ठरलं. धैर्यशीलचं जॅकेट त्यांना ढगळ झालं. ऋतुराजने जवळ येऊन कॉलर नीट केली आणि हळूच म्हणाला, “आबा, थांबू नगासा. फुटली तर फुटू द्या. पिक्चर गेला खड्ड्यात.”

बाळासोंनी पाइप उचलला. तीन वर्षं हे हात नुसते जोडले गेले होते. अंगात अशी आग उसळली, की समोरची काच आणि त्यामागचा तो चेहरा एकच झाला. त्यांना मारायचं होतं. दुसरं काहीच नको होतं.

तेवढ्यात त्यांना आकाराम दिसला. गाडीबरोबर आलेला विजयसिंहाचा ड्रायव्हर. मालकाच्या गाडीवर लोखंड उगारलेलं, तरी तो ओरडला नाही, पुढे धावला नाही. बॉनेटच्या पलीकडे मोबाइल दोन्ही हातांनी धरून तो उभा होता, बाळासोंच्या तोंडावर नेम धरून.

पाइप खाली आला आणि काचेच्या चार बोटं अलीकडे थांबला. खांद्यातून कळ गेली. त्यांनी तो पुन्हा उचलला, पुन्हा थांबवला. पुन्हा. घशातून निघणारा आवाज मात्र त्यांना थांबवता येईना. बघ्यांनी शिट्ट्या मारल्या.

“एक नंबर, काका!” धैर्यशील म्हणाला. “खरं वाटलं बघा.”

ऋतुराजने कॅमेरा बंद केला. त्याचे डोळे भरून आले होते.

“का थांबलासा, आबा? एवढंबी हुईना तुमच्याच्यानं?”

बाळासोंनी तोंड उघडलं, पण चार माणसांत आकारामदेखत काय सांगणार? त्यांनी जॅकेट उतरवलं. बाहीतून हात लवकर निघेना.

गाडीच्या मागे जाऊन आकाराम फोनवर बोलत होता.

“न्हाई, सायेब... समदं घेतलंय मोबाइलवर, पर फोडली न्हाई वो त्यानं.”

त्याने पलीकडचं ऐकून घेतलं. मग मान हलवली.

“बरं. गाडी उद्याबी आणतो की.”