किलोमागे दीड मिली

वजनाच्या बाबतीत माणसं बिनदिक्कत थापा मारतात, हे स्कॅन विभागातल्या तंत्रज्ञ बाईंना बावीस वर्षांत पुरतं कळून चुकलं होतं. म्हणून त्या कुणाला वजन विचारतच नसत, सरळ काट्यावर उभं करत. स्कॅनच्या आधी शिरेतून जे औषध सोडतात त्याचं माप वजनावर ठरतं, किलोमागे दीड मिली. जास्त गेलं तर मूत्रपिंडांना ताप, कमी गेलं तर चित्रात धड काही दिसत नाही. मोठ्या डॉक्टरांनाही बाईंनी एकदा बूट काढायला लावून काट्यावर चढवलं होतं.

त्या दिवशी मात्र चढवलं नाही, कारण समोर त्यांचा दादा होता. आईवडिलांच्या मागे त्यानेच त्यांना वाढवलं, शिकवलं. दादाचं वजन ब्याऐंशी, हे घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. सात महिने भेट नव्हती. आज येतो, उद्या येतो म्हणत त्याने फोनवरच बोळवण केली होती. आणि आज पोटदुखीची चिठ्ठी घेऊन हा हजर! अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी, तोंडावर मास्क.

"काय रे, दरोडा घालायला निघालास की काय?"

"तुमच्या एसीची ख्याती ऐकून आहे मी," दादा म्हणाला.

बाईंनी हसतहसत अर्जावर ८२ लिहिलं, यंत्रात १२३ मिली भरलं आणि सुई टोचायला त्याची बाही वर सारली. एका स्वेटरची, मग दुसऱ्याची, मग सदऱ्याची. आत हात कुठला, नुसती काठी.

"दादा, ऊठ. काट्यावर चल."

"लिहिलंस ना एकदा? आता कशाला उगाच..."

"स्वेटर काढ आणि चल."

काटा बावन्नवर थांबला. तीस किलो दादा कुठे गेला होता?

"तुझ्या लेकीचं लग्न आधी पार पडू दे म्हटलं," तो काट्याकडे बघतच म्हणाला. "माझं काय, मी कुठे पळून जातोय!"

बाईंना त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. अनोळखी माणसाला त्यांनी असं कधीच सोडलं नसतं. त्यांनी ८२ खोडून ५२ लिहिलं. यंत्रात ७८ भरताना बोट दोनदा चुकलं.

दादा आत टेबलावर आडवा झाला. बाई काचेपलीकडे बसल्या. औषध गेलं, टेबल सरकलं, चित्रं येऊ लागली. यकृतावरचे ठिपके बाईंनी मोजले नाहीत. मोजण्यासारखे ते राहिलेच नव्हते.

"झालं, दादा," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "काही त्रास?"

"त्रास कसला! औषध गेलं तशी सगळ्या अंगात ऊब आली बघ. दोन दोन स्वेटर घालूनही महिनोन्महिने कुडकुडतोय गं मी. आणखी थोडं नाही का देता येणार?"

बाईंनी माइक बंद केला, डोळे पुसले, आणि परत चालू केला.

"नाही रे दादा. तुझ्या वजनाला एवढंच."