तारेतला वाढीव शब्द

लोटूने तारघराच्या खिडकीतून आत सरकवलेला तारेचा फॉर्म कोराच होता. नाव, पत्ता, मजकूर, सगळं आत बसलेल्या भाईदासनेच भरायचं होतं.

"काय लिहू?" नाकावरचा रुमाल न काढताच भाईदासने विचारलं.

"लिखा, मी वाट देखी ऱ्हायनू."

सुरतेत प्लेगची बातमी फुटून चार दिवस झाले होते. चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरातले ते दिवस. लिंबायतच्या कामगारवस्तीतल्या खोल्यांना कुलपं लागली होती. स्टेशनावर माणसं डब्याच्या खिडक्यांतून आत ढकलली जात होती. लोटूनेही बायको सरलाबाईला आणि दोन लेकरांना असंच भुसावळच्या गाडीत चढवलं होतं. दोंडाईच्याच्या पुढे एका खेड्यात तिचा भाऊ चिंधा राहत होता, तिकडे ती जाणार होती. लोटू स्वतः मागे राहिला, कारण कापडाचा कारखाना बंद करून निघताना शेठने लूम राखायला त्याला थांबवून घेतलं होतं. त्या गाडीत चेंगराचेंगरी झाल्याचं कुणीतरी त्याला सांगितलं, तेव्हापासून तो रोज तारघरात येऊन खेड्याहून तार आली का म्हणून विचारत होता. आज त्याने स्वतःच तार करायचं ठरवलं.

भाईदास सोनवणे या तारघरात बावीस वर्षं होता. मूळचा नंदुरबारकडचा. त्याचं इंग्रजी शाळेत थोडं आणि या खिडकीत जास्त घडलेलं होतं. वाट पाहण्याची इंग्रजीत किती तऱ्हा असतात, हे तारा वाचून वाचून त्याला पाठ झालं होतं. मुलीकडची माणसं लग्नाच्या होकारासाठी थांबलेली असली की 'ईगरली वेटिंग' लिहीत. आजारपणाच्या तारेत 'अँक्शसली', म्हणजे चिंतेने, असे. कापडबाजारातले व्यापारी 'पेशंटली वेटिंग' लिहीत, म्हणजे समजून जायचं की त्यांचा धीर संपला आहे आणि पुढची नोटीस वकिलाची येणार आहे. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून गरीब माणूस खिडकीशी आला की भाईदास हे असले शब्द निळ्या शाईने खोडून टाकी. नुसतं 'वेटिंग' पुरतं, म्हणे. वाट पाहतोय एवढं कळलं की घरचा माणूस बाकीचं ओळखतो. बावीस वर्षांत त्याने हजारो शब्द खोडले असतील. पदरचा शब्द मात्र कुणाच्या तारेत कधी घातला नव्हता.

त्या आठवड्यात देवनागरी तारा पाठवणारा ऑपरेटरही गाव सोडून गेला होता, त्यामुळे सगळं इंग्रजीतच चाललं होतं. भाईदासने लिहिलं, 'वायर वेल्फेअर.' म्हणजे खुशालीची तार करा. पुढे 'वेटिंग' लिहिण्यासाठी त्याने पेन टेकवलं, आणि हात थांबला.

त्याची बायको रुक्मिणी आणि मुलगी धनश्री सरलाबाई गेली त्याच दिवशी नंदुरबारला गेल्या होत्या. रुक्मिणीला दमा होता. पोचल्याचं काही कळलं नव्हतं. नंदुरबारच्या घराजवळ फोन नव्हता. त्याने दोन तारा केल्या होत्या, दोन्हींत सवयीप्रमाणे नुसतं 'वेटिंग' लिहून. रिकाम्या घरात सकाळी चहा ठेवताना त्याला वाटलं होतं, हे फार कोरडं झालं. आता समोर लोटू दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरून उभा होता, डोळे तांबारलेले. भाईदासने लिहिलं, 'अँक्शसली वेटिंग. लोटू.' आणि शिक्का मारला.

त्यानंतर तीन दिवस काहीच आलं नाही. लोटू येत राहिला. भाईदास मान हलवून नाही म्हणायचा, मग लोटू पायरीवर जाऊन बसायचा.

चौथ्या दिवशी दुपारी एक बाई थेट खिडकीशी आली. पायांवर धूळ, डोक्यावर गाठोडं, तोंडावर पदर. लोटू पाटील नावाच्या माणसाला कोणत्या दवाखान्यात नेलं, असं तिने विचारलं. खोलीला कुलूप होतं. शेजारचा एकटा म्हातारा म्हणाला होता की तो रोज तारघरात जातो, तिथेच विचार.

भाईदासने पायरीकडे बोट दाखवलं. लोटू तिथे भिंतीला टेकून पेंगत होता.

सरलाबाई त्याच्याजवळ गेली. आधी तिने त्याच्या कपाळाला हात लावला, मग मानेला. लोटू दचकून जागा झाला आणि तिच्याकडे बघतच राहिला. ताप नाही अशी खात्री झाल्यावर ती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. रडता रडता त्याला बोलतही होती. दोन्ही लेकरं रडत टाकून आले, म्हणत होती. येताना सगळा डबा रिकामा होता. या गावाकडे येणारं दुसरं कुणीच नव्हतं.

झालं होतं ते असं. तार आली म्हणताच चिंधाच्या घरी आधी रडारड सुरू झाली, कारण त्या घरात तार यायची ती मौतीचीच. इंग्रजी वाचणारे एकच होते, निवृत्त ग्रामसेवक. त्यांनी चष्मा लावून कागद बराच वेळ पाहिला आणि सांगितलं, लोटूची तब्येत चिंताजनक आहे, वाट पाहतोय. ऐकल्याबरोबर सरलाबाई निघाली. भाऊ वाटेत आडवा झाला, पण तिने ऐकलं नाही.

भाईदास आतून हे ऐकत होता. ग्रामसेवकाने चुकीचं वाचलं, एवढं म्हणून त्याला गप्प राहता आलं असतं. तो खुर्चीवरून उठून बाहेर पायरीवर आला.

"ताई, तो शब्द लोटूने सांगितला नव्हता. मी माझ्या मनाने घातला."

लोटूने मान वर केली. सरलाबाईने डोळे पुसले.

"काय शबद व्हता तो?"

"जिवाला घोर लागलेला माणूस वाट पाहतो ना, त्याला इंग्रजीत तसं म्हणतात. नको होता घालायला. तुम्ही लेकरं सोडून या रोगराईत आलात, ते माझ्यामुळे."

समोरच्या रस्त्यावरून पालिकेची पावडर मारणारी गाडी गेली, ती लांब जाईपर्यंत सरलाबाई तिकडेच बघत राहिली. मग नवऱ्याकडे वळली.

"घोर व्हता ना तुले?"

लोटूने खाली बघून मान हलवली.

"मंग खोटं काय लिखं यास्नी?" ती म्हणाली. थोड्या वेळाने भाईदासकडे पाहून म्हणाली, "पण भाऊ, परत असं करू नका. बाईमाणूस धावत सुटस."

भाईदास आत गेला. चिंधाला तार करायची म्हणून त्याने नवा फॉर्म घेतला आणि मजकूर तिलाच विचारला. लोटू बरा शे, लेकरं सांभाळ, असं ती म्हणाली. त्याने तेवढंच लिहिलं. पैसे त्याने स्वतःच्या खिशातून भरले, हे त्यांना कळू दिलं नाही.

निघता निघता तिने विचारलं, तुमची माणसं कुठे आहेत. नंदुरबारला, तो म्हणाला, अजून काही कळलं नाही. रुक्मिणीचं सुखरूप असल्याचं कार्ड पुढे आठ दिवसांनी आलं, पण त्या दुपारी ते त्याला ठाऊक नव्हतं.

सरलाबाई पायरीवर बसली आणि तिने गाठोडं सोडलं. चिंधाच्या घरची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, प्रवासात वाळून कडक झालेली, आणि मिरचीचा ठेचा. तिने भाकरी मोडली. अर्धी लोटूच्या हातावर ठेवली. उरलेल्या अर्धीचे पुन्हा दोन तुकडे केले, एकावर ठेचा ठेवला आणि खिडकीशी आली.

त्या आठवड्यात सुरतेत कुणी कुणाच्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हतं. तिचा हात गजांतून आत आला आणि तिथेच थांबला.

भाईदासने नाकावरचा रुमाल सोडून खिशात ठेवला, आणि उभं राहून तो तुकडा दोन्ही हातांनी घेतला.