बाबांनी निवडलेला ओटा

“तुझ्या सासऱ्यांना नीट दिसतं ना गं?” दारात चपला घालता घालता ताईने विचारलं होतं. “मघाशी पाणी देताना त्यांनी ग्लास टेबलाच्या पार कडेला ठेवला. मी पटकन धरला, नाहीतर गेलाच होता.”

मी हसले. “अगं, जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. त्यांचं लक्ष ग्लासात नसतं, ग्लासाच्या सावलीत असतं.”

“बघ बाई,” म्हणाली आणि गेली.

खरं तर काळजी करायला मला निमित्त लागत नाही. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय मी मुलीला देत नाही. ती झोपली की नाकासमोर बोट धरून बघते. पण त्या दिवसांत माझी सगळी काळजी आमच्या ओट्यावर खर्च होत होती. जुना ओटा सिंकपाशी तडकला होता, त्याखालची फळी पाणी पिऊन फुगली होती आणि मागच्या टाइल्स एकेक करून भिंतीची साथ सोडत होत्या. माझी रजा संपायच्या आत नवं स्वयंपाकघर उभं करायचं होतं. त्यानंतर मी ऑफिसला जाणार आणि घर, शेगडी, दीड वर्षाची लेक असं सगळं बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, हाती.

त्या हातांवर माझा भरवसा होता. सासूबाई गेल्यावर बाबा स्वयंपाक शिकले, तो असा की आम्हीच बिघडलो. बाहेरचं खाणं नकोसं वाटायला लागलं. कांदा चिरताना गुणगुणायचे. दूध वर यायच्या आधी, पाठमोरे असले तरी, वासावरून ओळखून गॅस बारीक करायचे. लेकीचं ‘चुळबुळ’ हे नावही त्यांनीच पाडलेलं. तिला त्यांनी पावलागणिक चूं-चूं वाजणारे बूट आणून दिले होते. माझा नवरा कपाळाला हात लावून म्हणायचा, “बाबा, खेळणं आणा, शिक्षा कशाला आणता?”

नव्या स्वयंपाकघराचं माझं चित्र तयार होतं. पांढरा चकचकीत ओटा, मागे पांढऱ्या टाइल्स, पांढरी कपाटं. फोनमध्ये फोटोच फोटो जमवले होते. बाबांना दाखवले, तर त्यांनी फोन एकदा जवळ नेला, एकदा लांब धरला.

“छान आहे,” म्हणाले. “दवाखाना कधी उघडतेस?”

दुकानात जायच्या दिवशी ते कापडी पिशवी घेऊन तयार. आत काय, तर त्यांचा चहाचा पांढरा कप, काळ्या मुठीची सुरी, एक कांदा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं अंडं.

“बाबा, आपण दगड बघायला चाललोय.”

“मग? दगडावर काय ठेवणार, फोटो?”

दुकान म्हणजे मोठी शेड होती. उभ्या लाद्या एकामागे एक, पुस्तकासारख्या. समोर टेबलावर नमुन्यांचे तुकडे मांडलेले. बाबांनी पिशवी उघडून एकेका नमुन्यावर कप, सुरी, कांदा, अंडं मांडायला सुरुवात केली. एक मांडणी झाली की दोन पावलं मागे जायचे, डोळे किलकिले करून बघायचे, मान हलवायचे, पुढच्या नमुन्याकडे.

दुकानदाराला राहवलं नाही. “काका, सहलीला आलात का?”

“अहो, तुमच्याकडे दगड रिकामा असतो म्हणून देखणा दिसतो. आमच्याकडे त्यावर संसार मांडलेला असणार.”

“पण मॅडम म्हणतात तेच घ्या. सध्या सगळे पांढराच नेतात. घर मोठं दिसतं.”

“घर मोठं दिसून काय करू? मला कप दिसला पाहिजे.”

सगळे हसले. मीही हसले. मग म्हटलं, “बाबा, तुम्ही डोळे बारीक करून काय बघता सारखं?”

“ही आमची जुनी युक्ती. डोळे किलकिले केले की रंग निघून जातो, नुसता उजेड आणि अंधार उरतो. चित्र उभं राहतंय की नाही ते तेव्हा कळतं. वर्गात सगळ्या पोरांना करायला लावायचो. तू करून बघ.”

मी माझ्या लाडक्या पांढऱ्या नमुन्यासमोर उभी राहिले आणि डोळे किलकिले केले. वरच्या दिव्याचा एक लांबट चट्टा दगडावर पसरला. सुरीची मूठ राहिली. कांदा राहिला. अंडं गेलं. कपही गेला, उरली फक्त त्याच्या कानाखालची सावली, पुसलेल्या रेघेसारखी. दगड कुठे संपतो आणि त्यापुढची मोकळी जागा कुठे सुरू होते, तेही कळेना.

डोळे उघडले, तर बाबा वस्तू पिशवीत भरत होते. त्यांचा तळवा दगडावर सपाट ठेवलेला होता, आणि कप समोर असताना तो हात हळूहळू सरकत, चाचपत, कपाला लागला तेव्हा थांबला.

त्यांना युक्ती वापरायची गरजच नव्हती. मला जे डोळे किलकिले करून दिसलं, ते त्यांना उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

बाहेर लाद्या उतरवायच्या जागेपाशी एक बाक होता. तिथे बसवलं आणि विचारलं, “बाबा, कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“बाबा.”

ते पिशवीची गाठ सोडत आणि बांधत राहिले. “बाजूचं कमी दिसतं. फिकटावर फिकट असलं की सापडत नाही. समोरचं दिसतं गं, तुझा रागावलेला चेहरा स्वच्छ दिसतोय.”

“सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी शेगडीपाशी कोण उभं असतं? तू मला खुर्ची दिली असतीस. उन्हात ठेवलेली.” मग पिशवी मांडीवर ओढून घेत, “चुळबुळ माझ्याकडून काढून घेतली असतीस.”

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्या मनात तेच चाललं होतं. उकळतं पाणी, सुरी, माझी लेक. पाळणाघरांची नावं डोळ्यांसमोरून सरकत होती. आणि त्याच वेळी, बघत राहायची सवय असल्यामुळे असेल, इतक्या दिवसांत बघितलेलं एकेक जागेवर बसायला लागलं. गरम भांडं उचलायच्या आधी बाबा ओरडायचे, “चुळबुळ कुठाय?” आणि ती “आऽऽ” करेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. मला तो खेळ वाटायचा.

“ते बूट,” मी म्हटलं, “म्हणून आणलेत?”

“नाहीतर काय, मला संगीत आवडतं म्हणून? ती कुठे आहे ते मला सतत कळायला हवं. ती झोपली किंवा तिच्या खेळायच्या कठड्यात असली तरच मी तेल तापवतो. तू मला हाकलणार असशील तर हाकल, पण निष्काळजी म्हणू नकोस.”

दिवसभर काळजी करणारी मी, सगळ्यांना सांगत सुटलेली. आणि हा माणूस तेवढीच काळजी, एक अक्षर न बोलता, गुणगुणत करत होता.

“हाकलत नाही,” म्हटलं. “पण आधी डोळ्यांचे डॉक्टर. ओटा नंतर.”

“आणि दगड?”

“तोही नंतर. पांढरा नाही.”

डॉक्टर बाईंनी काचबिंदू सांगितला. गेलं ते परत येणार नाही, पण उरलेलं थेंबांनी बरंचसं राखता येईल, थेंब चुकवायचे नाहीत. बाबांनी विचारलं, “स्वयंपाक करू शकतो ना?” बाई म्हणाल्या, “समोरची नजर चांगली आहे. उजेड नीट ठेवा, आणि भांडी दिसतील असा ओटा करा.” बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू निकाल लागला आणि ते पहिले आले.

नवरा आधी रागावला, मग त्यानेही स्वतःचे डोळे तपासून घेतले, कारण हे घराण्यात उतरतं. तोवर ओट्याचा बेत बाबांनी कागदावर काढलाही होता. दगड गडद राखाडी, खरखरीत नाही पण चमकही नाही, म्हणजे दिव्याचा चट्टा पडणार नाही. पुढच्या कडेला फिकट दगडाची बोटभर पट्टी, ओटा कुठे संपतो ते हाताआधी डोळ्याला कळावं म्हणून. मागे मात्र टाइल्स फिक्या, सायीच्या रंगाच्या, आणि तिथे टांगायच्या पळ्या, झारे काळ्या मुठींचे. कपाटाखाली दिव्यांची ओळ. शेगडी आपोआप बंद होणारी. तेवढा हट्ट माझा.

फरशीवाल्याने कागद उलटासुलटा करून बघितला. “काका, पट्टीचा रंग चुकून वेगळा लिहिलाय का?”

“चुकून नाही हो. चित्राला बाह्यरेषा नको?”

तो काम संपवून गेला, तेव्हा मी दारात उभी राहून डोळे किलकिले केले. एकही वस्तू हरवली नाही. पांढरा कप ओट्यावर असा उठून दिसत होता की उचलावासाच वाटावा. माझ्या फोनमधल्या एकाही फोटोत इतकं देखणं स्वयंपाकघर नव्हतं, आणि हे मी सून म्हणून नाही, बघणारी म्हणून सांगते. बाबांनी अंडं फोडलं, टरफल बरोबर डब्यात टाकलं आणि मागे न वळता म्हणाले, “जा आता ऑफिसला. किती वेळ पहारा देशील?”

मी गेले. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत इतके फोन केले की शेवटी त्यांनी फोन चुळबुळीच्या हातात देऊन टाकला. आता कमी करते. ती अजून त्यांच्याकडेच असते, आणि थेंबांची वेळ झाली की तीच त्यांच्या मांडीवर चढून “डोळा!” म्हणते.

डॉक्टर बाईंची एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. म्हणाल्या, काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, आणि एका डोळ्याचं उणं दुसरा डोळा इतक्या मायेने भरून काढतो की माणसाला स्वतःलाच कळत नाही. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, सगळं हसत-खेळत करणारं, कधीच तक्रार न करणारं. आज जेवणं झाली की त्यांना एक डोळा झाकायला सांगा, मग दुसरा, आणि सरळ समोर बघत कडेला काय काय दिसतंय ते विचारा. चष्मा आहे की माझा, असं म्हणतील. चेष्टेवारी नेतील. तरी डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि सोबत तुम्ही स्वतः जा.